शून्य येईपर्यंत

ताई, तुम्ही गेल्यावर झालेल्या जलदानविधीला विहारात माइक माझ्यापर्यंत आला आणि मी तो तसाच शेजारच्या बाईंच्या हातात दिला.

आधी भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं. मला शब्द येत नव्हते, म्हणून सगळ्यांबरोबर नुसते ओठ हलवले. मग एकेकजण बोलायला उठलं. तुमच्या गल्लीतल्या बाया बोलल्या. पाण्याच्या मोर्च्यात तुमच्याबरोबर असणाऱ्या एक काकू रडता रडता सगळ्यांना हसवून गेल्या. नंतर मिलिंददादा, तुमचे भाऊ, म्हणाले, "वंदीच्या ऑफिसातली मुलगी आलीय. तिनं दोन शब्द बोलावेत." सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. माइक आधीच्या माणसाच्या हाताने गरम झाला होता. मी मान हलवली, नाही म्हणून.

निघताना मी दादांची माफी मागितली. ते म्हणाले, "राहू दे गं. ती सांगायचीच, आमची शलाका बोलत नाही."

घरी तुम्ही मला 'आमची' म्हणत होतात, हे मला माहीत नव्हतं.

म्हणून आता लिहिते आहे. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. पण मग ते तुम्हाला मीच वाचून दाखवलं असतं, नेहमीसारखं.

आपली ओळखच तशी झाली. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधलं ते दोन खोल्यांचं ऑफिस, खाली जीन्सची बटणं आणि चेनी विकणारं दुकान. शेठनी मला तुमच्या टेबलाशी आणून उभं केलं. "वंदना, ये कॉन्व्हेंट की है. इंग्लिश फटाफट पढ़ती है. तेरे काम आएगी." तुम्ही मला वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि म्हणालात, "मराठी येतं ना? मग बस." पालिकेच्या शाळेतून शिकून, कॅम्प चारच्या एका क्लासात रात्रंदिवस बसून तुम्ही प्रोग्रामिंग शिकला होतात. त्या ऑफिसात तुमच्यासारखं चूक शोधणारं कोणी नव्हतं. फक्त जाडजूड इंग्रजी मॅन्युअल आलं की तुमचे ओठ हलायला लागायचे आणि वेग कमी व्हायचा.

काम त्या पॅथॉलॉजी लॅबचं होतं. अंबरनाथ पूर्व, बदलापूरचं हेंद्रेपाडा, खरवई अशी तिची छोटी सेंटर्स. रक्त तिथे घ्यायचं, तपासणी मुख्य लॅबमध्ये, आणि रिपोर्ट नेटवरून परत सेंटरला. कोणाला काय आजार आहे हे वाटेत कोणी वाचू नये, म्हणून रिपोर्ट कुलूप लावून पाठवायचा. कुलूप लावणारी तयार लायब्ररी होती, म्हणजे आयत्या प्रोग्रामांचा संच, परदेशातल्या लोकांनी लिहिलेली, फुकट मिळणारी. तिची एकच खोड होती. काही बिघडलं की ती फक्त 'झालं नाही' एवढंच सांगायची. का झालं नाही, ते वेगळं विचारावं लागायचं.

मी मॅन्युअल वाचायचे. तुम्ही डोळे मिटून, पेन कानामागे खोचून ऐकायचात.

"थांब. परत वाच. 'अर्लियस्ट' म्हणजे सगळ्यात आधीची ना?"

"हो. झालेल्या चुका ती रांगेत ठेवते. विचारलं की सगळ्यात जुनी आधी सांगते आणि रांगेतून काढून टाकते. परत विचारलं की पुढची. काही उरलं नाही की शून्य देते."

तुम्ही डोळे उघडलेत. "म्हणजे ही बया आमच्या आईसारखी. गुडघा का दुखतो विचारलं तर लग्नापासून सुरू करते. सगळं ऐकून घेतल्याशिवाय गुडघ्यापर्यंत येतच नाही."

मी ऑफिसात पहिल्यांदा हसले ते तेव्हा. तुम्ही लगेच दोन नियम केलेत आणि वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलेत. काम सुरू करायच्या आधी रांग रिकामी करायची. चूक विचारायला लागलं की शून्य येईपर्यंत विचारत राहायचं.

पुढच्या पानावर आणखी एक सोय होती. चूक नुसती डोकावून बघायची, रांगेतून काढायची नाही. तुम्हाला ते पटेना. "बघायची आणि तशीच ठेवायची? कशाला?" मी म्हटलं, कधीतरी उपयोगी पडेल. "तुला आवडणारच ते," तुम्ही म्हणालात. "तू तशीच आहेस. डोकावणारी." तुम्ही चेष्टा करत होतात. मी दोन दिवस तुमच्याशी कामापुरतंच बोलले. तुमच्या लक्षात आलं असेल. तुमच्या सगळंच लक्षात यायचं.

त्या वहीत तुम्ही प्रत्येक चूक टिपून ठेवायचात. लायब्ररी आधी नुसता लांबलचक आकडा द्यायची. त्याचं इंग्रजी वाक्य मिळवायला आणखी एक पायरी होती. तुम्ही आकडा लिहायचात, मी वाचलेलं इंग्रजी लिहायचात, त्याखाली तुमचं मराठी, आणि प्रत्यक्षात काय झालं होतं ते. शेवटचा रकाना होता, 'कोणाच्या हातून'. त्यात पानोपानी 'मी' होतं. मधूनच 'शेठ (यूपीएसचं बटण)'. कधीकधी 'शलाका', ज्या मी कबूल केल्या होत्या त्या.

आपलं मोठं भांडण मात्र पडद्यावर काय दाखवायचं यावरून होतं. मला लायब्ररीचं इंग्रजी जसंच्या तसं हवं होतं. मी म्हणायचे, प्रोफेशनल दिसतं. तुम्ही म्हणायचात, दिसायला काय करायचंय, हेंद्रेपाड्याच्या काउंटरवरच्या सुनीताला कळलं पाहिजे.

"सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड. हे वाचून ती पोरगी म्हणेल, माझं दहावीचं सर्टिफिकेट खोटं निघालं वाटतं!"

"ताई, लॅब डॉक्टरांची आहे. त्यांना मराठीत एरर दाखवली तर ते हसतील."

"डॉक्टर काउंटरवर बसतात का गं?"

त्या मशीनवर देवनागरीचे चौकोन दिसायचे. तुम्ही हट्टाने मराठी रोमन अक्षरांत लिहिलंत आणि माझ्या इंग्रजी वाक्याखाली बारीक टाइपात बसवलंत. कोण बरोबर, ते ठरलं नाही. पुढच्या व्हर्जनला ठरवू, असं तुम्ही म्हणाला होतात.

आणि रोज साडेसहाची ती आपली पद्धत. मशीन बंद करायच्या आधी तुम्ही खुर्ची माझ्याकडे वळवायचात.

"आज काय अडलं?"

मी एक गोष्ट सांगायचे. कामातलीच.

"आणखी?"

"काही नाही, ताई."

"शून्य?"

"शून्य."

तुम्ही क्षणभर बघत राहायचात आणि मग पर्स उचलायचात. ताई, ते शून्य बहुतेक वेळा खरं नसायचं. त्या वर्षी बाबांची अंबरनाथची कंपनी बंद पडली होती. ते रोज डबा घेऊन बाहेर पडायचे आणि वाचनालयात बसून यायचे, हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. तुम्ही विचारत होतात. मला सवय नव्हती कोणी दुसऱ्यांदा विचारण्याची.

आता हेंद्रेपाड्याचं. इथवर यायला मला किती परिच्छेद लागले ते तुम्ही मोजलेच असतील.

मार्च महिना, दिवसातून दोनदा लोडशेडिंग. हेंद्रेपाड्याच्या सेंटरवर रिपोर्ट यायचे थांबले. पडद्यावर एकच वाक्य, सर्टिफिकेटची फाइल सापडत नाही. सर्टिफिकेट म्हणजे त्या कुलपाचं ओळखपत्र, ठरलेल्या तारखेपासूनच चालणारं. लॅबच्या डॉक्टरांनी फोनवर सुनीतालाच धरलं, तूच काहीतरी उडवलं असशील. ती तिकडे रडतेय आणि तुम्ही पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकून बदलापूरला निघालात. फाइल टाकलीत. चालेना. वेगळ्या फोल्डरमध्ये टाकलीत. तेच वाक्य. दीड दिवस रिपोर्ट माणसाच्या हातून पाठवावे लागले. एका बाईंचं ऑपरेशन रिपोर्ट न आल्यामुळे एक दिवस पुढे गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुमचा फोन आला.

"शलाका, ऐक. सुनीता म्हणते लाइट जाऊन आली की हा कॉम्प्युटर एक जानेवारी दाखवतो. आतला सेल गेलाय. तारीख कितीतरी वर्षं मागे पळते. म्हणजे आपलं सर्टिफिकेट त्याच्या मते अजून जन्मलंच नाही. तारीख नीट केली तर आता रिपोर्ट येतायत. पण मला एक कळत नाही. मग तो फाइल नाही, फाइल नाही असं का ओरडत होता?"

रिसीव्हर कानाला लावून मी उभी होते आणि मला त्याच क्षणी कळलं होतं.

प्रोग्रामच्या सुरुवातीचा तो भाग मी लिहिला होता. सर्टिफिकेट आधी जुन्या फोल्डरमध्ये शोध, नसेल तर नव्या. जुन्यात ते कुठल्याच सेंटरवर नव्हतं. दर वेळी ती तक्रार रांगेत जाऊन उभी राहायची, प्रोग्राम नव्या फोल्डरमधून फाइल घेऊन पुढे जायचा आणि सगळं सुरळीत चालायचं, त्यामुळे कोणाला पत्ता नव्हता. मी रांग रिकामी केली नव्हती. आणि खरोखर काही बिघडलं तेव्हा मी लायब्ररीला एकदाच विचारत होते. पुढे उभी असलेली जुनी तक्रार ती सांगायची. तारखेची खरी तक्रार तिच्यामागे होती, विचारण्याची वाट बघत. तुमच्या दोन नियमांपैकी मी एकही पाळला नव्हता. वहीचा पुठ्ठा माझ्यासमोर टेबलावर होता.

"बघते, ताई," मी म्हटलं.

तुम्ही परत येईपर्यंत मी ते दुरुस्त केलं होतं. चार ओळी. तुम्ही घाम पुसत विचारलंत, "काय होतं?" मी म्हटलं, जुनी एरर रांगेत राहून गेली होती. कोणामुळे, ते मी सांगितलं नाही.

"आणखी?"

"काही नाही."

त्या दिवशी तुम्ही 'शून्य?' असं विचारलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः ऑफिसात आले. इंग्रजीत बोलत होते, भराभर. हे लिहिलं कोणी, असं त्यांनी विचारलं. शेठनी तुमच्याकडे पाहिलं. मी फिल्टरजवळ पाण्याची बाटली भरत होते. तुम्ही खुर्चीवरून उठलात. "माय मिस्टेक, सर. चेकिंग इज माय ड्यूटी. अँड सुनीता, नो फॉल्ट. शी ओन्ली टोल्ड मी द रीझन." ते शेवटचं तुम्ही दोनदा म्हणालात, त्यांनी मान हलवेपर्यंत. बाटली कधीच भरली होती. पाणी माझ्या मनगटावरून बाहीत जात होतं आणि मी नळ बंद करत नव्हते, कारण बंद केला असता तर खोलीत माझ्याकडे वळून बघण्यासारखं काही झालं असतं.

डॉक्टर गेल्यावर शेठ म्हणाले, "वंदना, अब से तू मशीन सँभाल. मीटिंग में ये जाएगी. साहब लोग इंग्लिश से ठंडे होते हैं."

"बरोबर आहे," तुम्ही म्हणालात. "हिचं इंग्लिश चांगलं आहे."

तेव्हापासून दीड वर्ष मी मीटिंगला जात राहिले. मी कमी बोलायचे आणि लोकांना वाटायचं, ही विचार करून बोलणारी मुलगी आहे. परत आल्यावर तुम्ही सगळं विचारून घ्यायचात, कोण काय म्हणालं, चहाबरोबर काय होतं. एकदा म्हणालात, "मला ती मीटिंगमधली बिस्किटं आवडायची गं." बस, एवढंच. त्याच्यानंतर मी दर वेळी रुमालात दोन बिस्किटं गुंडाळून आणायचे. तुम्ही ती खायचात. आपण दोघी त्या बिस्किटांबद्दल काहीच बोलायचो नाही.

मी एकदा प्रयत्न केला होता. खरवईच्या नव्या सेंटरवर मशीन लावायला आपण टमटममधून जात होतो. मी म्हटलं, "ताई, ते हेंद्रेपाड्याचं..." तुम्ही लगेच माझ्याकडे वळलात. "हं?" इतकं लक्ष देऊन तुम्ही माझ्याकडे पाहिलंत की माझं अवसानच गेलं.

"तो सेल बदलला का, विचारायचं होतं."

"बदलला की. मीच बदलला, त्याच दिवशी." आणि मग, "आणखी?"

मी बाहेरच्या अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगी बघत राहिले.

एका गुरुवारी तुम्ही ताप आहे म्हणून लवकर निघालात. "सोमवारी येते. तोपर्यंत रांग रिकामी ठेव." बुधवारी मी घरी फोन केला. तुमच्या आईंनी उचलला. मला विचारायचं होतं, ताई कशा आहेत. तोंडातून निघालं, "कधीपासून जॉइन होतील?" त्या म्हणाल्या, "सांगते हं बाळा, विचारून." दोन दिवसांनी मिलिंददादांचा फोन आला.

बुधवारच्या त्या फोनबद्दल मी आईंची अजून क्षमा मागितलेली नाही. विहारात त्या पुढे बसल्या होत्या, गुडघ्यावर हात ठेवून.

विधीनंतरच्या सोमवारी शेठनी तुमचा ड्रॉवर मला दिला. वरच वही होती. मी हेंद्रेपाड्याचं पान शोधलं. तुमच्या अक्षरात सगळं होतं. आकडा, इंग्रजी, मराठी. काय झालं होतं, त्याखाली लिहिलं होतं, 'जुनी चूक पुढे उभी होती. खरी मागे.' आणि शेवटचा रकाना रिकामा.

मी पूर्ण वही चाळली. दुसरा कुठलाही रकाना रिकामा नाही. डॉक्टरांसमोर 'माझी' म्हणून सांगितलंत, पण वहीत 'मी' लिहिलं नाहीत. माझंही नाव घातलं नाहीत. प्रोग्रामच्या त्या फाइलवर माझी आद्याक्षरं होती, म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दीड वर्ष ती जागा तुम्ही तशीच ठेवलीत. ती वही रोज माझ्या हाताच्या अंतरावर असायची. मी मागचं पान उलटून बघितलं असतं तरी पुरे होतं.

मी शेठकडे गेले. उभ्या उभ्या सांगितलं, हेंद्रेपाड्याची चूक माझी होती, ताईंची नव्हती.

"कौन सा हेंद्रेपाडा?"

मी सगळं परत सांगितलं. त्यांना आठवलं. चष्मा काढून त्यांनी तुमच्या खुर्चीकडे पाहिलं. "अरे बेटा, पुरानी बात है. अब वो ही नहीं रही. छोड़." मग बाहेर ओरडून चहा सांगितला. ते वाईट माणूस नाहीत. पण मी जे घेऊन गेले होते ते ठेवून घ्यायला त्यांच्याकडे जागा नव्हती. ते तुमच्याकडेच द्यायचं होतं.

शनिवारी मी बदलापूरला सुनीताकडे गेले. तिलाही सांगितलं. तिने एका आजोबांचं नाव रजिस्टरमध्ये लिहून पूर्ण केलं, त्यांना आत बसवलं आणि मग म्हणाली, "मी नव्हती उडवली, ते मला माहीतच होतं. पण मॅडम, दीड वर्षाने सांगताय?"

मी मान हलवली, हो म्हणून.

"वंदनाताईंनी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून सांगितलं होतं, पोरीचं काही नाही. नाहीतर मला घरीच बसवलं असतं." मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं. "बसा. उन्हातून आलात."

तिच्या मॉनिटरच्या कडेला तुमची चिठ्ठी अजून चिकटवलेली आहे. 'आधी तारीख बघ. मग फोन कर. घाबरू नको.' मी तिला विचारलं, पडद्यावर एरर आली की तू काय वाचतेस? ती म्हणाली, "खालची ओळ. वरची कोण वाचतं?"

तर ताई, ते भांडण मिटलं. तुम्ही जिंकलात. नव्या व्हर्जनमध्ये तुमची ओळ वर जाईल, मोठ्या टाइपात. आता त्या मशीनवर देवनागरीही दिसते. तुमची वाक्यं मी रोमनमधून उतरवून घेते आहे. माझं अक्षर तिसरीतल्या मुलीसारखं येतं, तुम्ही म्हणायचात तसंच. त्या रिकाम्या रकान्यात मी त्याच अक्षरात लिहिलं, 'शलाका'. शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली. कोणी बघायला आलं नाही.

साडेसहा वाजले की मी अजूनही मशीन लगेच बंद करत नाही. खाली दुकानातली मुलं गाणी लावून शटर ओढतात. मी तुमच्या खुर्चीकडे वळून बसते. एक सांगून झालंय, ताई. बाबांचंही वर लिहिलं. आईंना भेटायला रविवारी येणार आहे, तेव्हा फोनचं सांगेन, माइक नसेल तर जमेल. आणि विहारात बोलायचं होतं ते एवढंच होतं की या गावात मला दुसऱ्यांदा विचारणारं एकच माणूस होतं.

अजून शून्य आलेलं नाही. परत एकदा विचारा ना.